प्रश्न कुणाला विचारायचा?



एम.एस.डब्ल्यू.च्या प्रबंधाचा आराखडा लिहिताना मी पहिला संशोधन-प्रश्न मांडला होता : ‘कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जातून स्त्रिया माघार का घेतात?’ मार्गदर्शक बाईंना तो आवडलाही. समुपदेशन केंद्रात आलेल्या एका ताईंना मी तो वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, “मी कुठं माघार घेतली? तारखा संपेनात, अन् माहेरचं दार बंद झालं.”

माझ्या ‘का’मध्येच आरोप दडलेला होता. २००५च्या कायद्याचं कलम १२ सांगतं, की पहिल्या सुनावणीपासून ६० दिवसांत अर्ज निकाली काढण्याचा प्रयत्न न्यायदंडाधिकाऱ्यांनी करावा. मग मी प्रश्न बदलले : प्रत्यक्षात किती दिवस लागले? तारखा कशामुळे पडल्या? अंतरिम पोटगी हातात पडली का? तोवर ती कुठे राहिली, मुलांना काय खाऊ घातलं? यांची उत्तरं कोर्टाच्या कागदांतही शोधता येतात आणि तिच्या तोंडूनही ऐकता येतात.

आपणही केंद्रात रोज अर्ज भरून घेतो. तेव्हा प्रत्येक प्रश्न लिहिताना एवढंच तपासू या : आरोपीच्या पिंजऱ्यात आपण तिला उभं करतोय, की व्यवस्थेला?