पदवीचा जमाखर्च

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)



बारावीचा निकाल लागला की घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो, 'आता पुढे काय?' त्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो, तो मात्र सहसा मोठ्याने विचारला जात नाही. पैसे किती लागतील आणि ते परत कधी येतील? शिक्षणाचा असा हिशेब मांडणे आपल्याला थोडे हलकेपणाचे वाटते. विद्या ही बाजारात मांडायची वस्तू नव्हे, असे आपण म्हणतो; आणि ज्यांच्या घरात तीन-चार पिढ्या शिकलेल्या आहेत त्यांना ते म्हणणे परवडतेही. पण ज्या बापाला पोराच्या कॉलेजसाठी दावणीची म्हैस सोडावी लागते, तो हिशेब करतोच. फक्त तो बहुतेक वेळा फीचा करतो, आणि फी हा या हिशेबातला सर्वांत लहान आकडा आहे.

एका अनुदानित महाविद्यालयात मी तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले. आज बोलणार आहे ते सरकारी आणि अनुदानित महाविद्यालयांतल्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा साध्या पदव्यांबद्दल. डॉक्टर आणि इंजिनिअरांची गणिते निराळी, आणि त्यांच्यावर बोलणारे पुष्कळ आहेत.

अनुदानित महाविद्यालयात फी कमी का असते? कारण तिथल्या मान्यताप्राप्त प्राध्यापकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. विद्यार्थी भरतो तो खर्चाचा एक लहानसा वाटा. त्यातही सवलती आहेत. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना वर्षाला बाराशे रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फी माफ झाली. ई.बी.सी. हा शब्द तेव्हापासून आपल्या बोलण्यात आला, आणि त्या सवलतीवर शिकलेली एक अख्खी पिढी पुढे शिक्षक, कारकून, बँक कर्मचारी झाली. अलीकडे, २०२४-२५ पासून, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ आहे. यातला 'व्यावसायिक' हा शब्द पुष्कळ पालकांच्या ध्यानात राहत नाही.

आता खरा हिशेब. मी घेते ते आकडे उदाहरणादाखल आहेत. आपापल्या गावचे आकडे आपण घालून पाहावेत.

समजा, गावाकडचा एक मुलगा बी.कॉम.साठी शहरात आला. फी वर्षाला आठ हजार, म्हणजे तीन वर्षांची चोवीस हजार. खोलीचा वाटा आणि मेस मिळून महिना साडेपाच हजार. वर्षातले दहा महिने धरले तर तीन वर्षांचे एक लाख पासष्ट हजार. पुस्तके, गाडीभाडे, मोबाइल, किरकोळ असे वर्षाला दहा हजार, म्हणजे आणखी तीस हजार. एकूण झाले दोन लाख एकोणीस हजार. यातून पंचेचाळीस हजार वजा करू, कारण घरी राहिला असता तरी तो जेवलाच असता. उरले एक लाख चौऱ्याहत्तर हजार.

पण हिशेब इथे संपत नाही. बारावीनंतर हाच मुलगा एखाद्या गोदामात किंवा दुकानात लागला असता तर महिना बारा हजार मिळवता. तीन वर्षांत चार लाख बत्तीस हजार. हे पैसे कुणी खिशातून काढून देत नाही, म्हणून ते खर्चात दिसत नाहीत. अर्थशास्त्रात याला संधीखर्च म्हणतात. शेतकऱ्याला तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. एका रानात ऊस लावला म्हणजे त्या रानातला हरभरा बुडाला, हे त्याला पाठ असते. तर दोन्ही मिळून खर्च झाला सहा लाख सहा हजार, आणि त्यातली फी चोवीस हजार, म्हणजे शेकडा चार. 'फी कमी आहे म्हणून घातला कॉलेजात' असे कुणी म्हणाले की मला या चार टक्क्यांची आठवण होते.

आता जमेची बाजू. पदवी घेऊन हा मुलगा अठरा हजारांवर लागला. पदवी न घेतलेला त्याचा सोबती तोवर बारावरून चौदा हजारांवर आलेला. फरक महिन्याला चार हजारांचा, वर्षाला अठ्ठेचाळीस हजारांचा. सहा लाख सहा हजार भरून यायला साडेबारा वर्षे. बरे, हेच सहा लाख कुठे आठ टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाचे व्याज झाले असते अठ्ठेचाळीस हजार चारशे ऐंशी! म्हणजे पदवीमुळे मिळणारी जादा कमाई नुसत्या व्याजालाही पुरत नाही. फरक चार हजारांवरच थांबला तर हे पैसे जन्मात वसूल होत नाहीत. तो पाच-सात वर्षांत दहा-बारा हजारांवर गेला तर मात्र चित्र पालटते. म्हणून पहिला पगार किती, यापेक्षा त्या नोकरीत दहाव्या वर्षी काय मिळते, ही चौकशी मोलाची. ती फार थोडे लोक करतात.

हे ऐकून कुणी म्हणेल, बाई पदवी घेऊ नका म्हणतात. तसे नाही. हाच हिशेब दुसऱ्या घरात नेला की निराळे उत्तर येते. ते घर माझ्या भावाचेच आहे.

त्याचा मुलगा आणि मुलगी एकाच वर्षी बारावी झाले. मुलाचे मधले एक वर्ष गेले होते. भाऊ शेती करतो, दोन एकर बागायत आणि थोडे जिरायत. तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "आक्का, पैसं एकाच्याच पुरतं हाईत. पोराला पुण्याला घालतो. पोरीचं काय, बाहेरून परीक्षा दिली तरी चालतंय." त्याच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. गावात सगळेच असे बोलतात. मी वाद घातला नाही, कागद घेतला. मुलाचा हिशेब वर सांगितला तसाच निघाला. मग मुलीचा मांडला.

तालुक्याचे कॉलेज गावापासून चौदा किलोमीटर. ती घरूनच जाणार. फी आठ हजार, एसटीचा पास, पुस्तके वगैरे बारा हजार. तीन वर्षांचे साठ हजार. बारावीनंतर तिला गावात किंवा तालुक्याला काम मिळाले तर ते महिना सात हजारांचे. मुलीला मजुरी कमी मिळते, हा अन्यायच आहे; पण त्यामुळे तिच्या शिक्षणाचा संधीखर्चही कमी होतो. तीन वर्षांची बुडालेली कमाई दोन लाख बावन्न हजार. एकूण तीन लाख बारा हजार, भावाच्या मुलाच्या निम्म्याहून थोडेच अधिक. आणि पदवी, सोबत हिशेब लिहिण्याचा संगणक अभ्यासक्रम, असे असेल तर पंधरा हजार. नसेल तर नऊ हजार. फरक सहा हजारांचा, वर्षाला बहात्तर हजार. सव्वाचार-साडेचार वर्षांत पैसे परत.

भाऊ बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "पण तिचं परत आलेलं पैसं सासरच्या घरात जाणार, आक्का." श्रोतेहो, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या कुठल्याही सूत्रात बसत नाही आणि त्याला उडवून लावण्यातही अर्थ नाही. मी एवढेच म्हटले की पोराचे तरी तुझ्या घरात येतील, हे तू कशावरून धरलेस? तो हसला. कागदाची घडी करून त्याने बंडीच्या खिशात घातली. मुलगी तालुक्याला बी.कॉम.ला आहे. मुलगा दोन वर्षांच्या आय.टी.आय.ला, इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला गेला. तो नाराज आहे. मित्र पुण्यात, आणि उद्या लग्नाच्या वेळी 'मुलगा ग्रॅज्युएट नाही' असे म्हणून स्थळे परत जातील, ही त्याची धास्ती खोटी नाही. आय.टी.आय. करून पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो, हे मी त्याला सांगून ठेवले आहे. त्याने ऐकून घेतले, इतकेच.

पदवीचा मोबदला येतो तरी कुठून? याबद्दल अर्थशास्त्रज्ञांत दोन मते आहेत. गॅरी बेकर यांनी १९६४ साली सांगितले की शिक्षण हे माणसात घातलेले भांडवल आहे. माणूस अधिक कुशल होतो, म्हणून अधिक मिळवतो. मायकेल स्पेन्स यांनी १९७३ मध्ये वेगळी बाजू मांडली. मालकाला उमेदवाराची कुवत बाहेरून दिसत नाही, म्हणून तो पदवी ही खूण मानतो. पदवी म्हणजे चाळणी. दोघांनाही पुढे नोबेल मिळाले, बेकर यांना १९९२ मध्ये आणि स्पेन्स यांना २००१ मध्ये. आपल्याकडच्या साध्या पदवीच्या बाबतीत मला स्पेन्स अधिक खरे वाटतात. चाळणीची गंमत अशी की तिच्यातून सगळेच खाली पडू लागले की ती चाळणी राहत नाही. मग मालक आणखी बारीक चाळणी आणतो.

२०२३ ची तलाठी भरती आठवा. कोणत्याही शाखेची पदवी चालत होती. साडेचार हजारांहून थोड्या अधिक जागा आणि दहा लाखांवर अर्ज; एका जागेमागे दोनशेंहून जास्त उमेदवार. पोलीस शिपायाला बारावी पुरते. तिथे २०२४ मध्ये सतरा हजारांवर जागा आणि सतरा लाखांवर अर्ज होते, म्हणजे एका जागेमागे शंभर. सातव्या वेतन आयोगात तलाठ्याचे मूळ वेतन सुरू होते २५,५०० रुपयांवर आणि शिपायाचे २१,७०० वर. तीन वर्षांच्या पदवीचा सरकारदरबारी भाव इथे महिना ३,८०० रुपये, तोही जागा मिळाली तर!

आणि ती मिळेपर्यंत थांबण्याचे काय? केंद्र सरकारच्या २०२२-२३ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात देशातली एकूण बेकारी ३.२ टक्के होती आणि पदवीधरांमधली १३ टक्क्यांच्या वर. अशिक्षित माणूस बेकार राहू शकत नाही, त्याला मिळेल ते काम धरावे लागते. पदवीधर थांबतो. पुण्यातल्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत अभ्यासिकांच्या टेबलांवर हे थांबणे पाहायला मिळते. खोली, मेस, अभ्यासिका, क्लास मिळून महिना दहा हजार धरा, आणि न मिळवलेले चौदा हजार धरा. वर्षाला दोन लाख अठ्ठ्याऐंशी हजार. अशी तीन वर्षे गेली की आठ लाख चौसष्ट हजार, म्हणजे पदवीच्या खर्चापेक्षा जास्त. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांचे आर्थिकदृष्ट्या खरे नुकसान झाले ते कॉलेजच्या तीन वर्षांत नाही, नंतरच्या चार-पाच वर्षांत झाले. स्पर्धा परीक्षा देऊ नये असे मी म्हणत नाही. पण बाहेर पडण्याची तारीख आधी ठरवून, घरच्यांना सांगून मग आत शिरावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका' योजनेकडे आपण त्यागाची गोष्ट म्हणून पाहतो. मला ती उत्तम अर्थशास्त्राची गोष्ट वाटते. हिशेबातला सर्वांत मोठा आकडा बुडालेल्या कमाईचा, आणि योजना हात घालते ती नेमका त्यालाच. आजही विद्यापीठांत ही योजना आहे; मोबदला फार नाही, पण मेसचा काही भाग निघतो. शहरातला विद्यार्थी सकाळचे कॉलेज करून दुपारी अर्धवेळ काम करील तर वर सांगितलेल्या सहा लाखांतले दीड-दोन लाख सहज कमी होतील. नव्या शैक्षणिक धोरणाने आणलेले चौथे वर्षही याच तराजूत तोलावे. ते ऐच्छिक आहे. संशोधनाकडे किंवा परदेशी जायचे असेल तर घ्यावे. केवळ 'ऑनर्स' हा शब्द मिळतो म्हणून आणखी दोन लाख घालण्याचे कारण मला दिसत नाही.

कर्ज काढायचे असेल तर सावकाराच्या आधी बँकेत जावे. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढत असते.

आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या खिडकीवर विचारून घ्या. आपली तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित? एकाच इमारतीत, पुष्कळदा एकाच वर्गखोलीत, सकाळी एक आणि दुपारी दुसरी अशा दोन्ही तुकड्या चालतात. पदवीच्या कागदावर दोन्हींचे नाव एकच येते, फी मात्र कित्येक पट असते. माहितीपत्रकात ती ओळ बारीक अक्षरांत असते, आणि अनुदानित तुकडीच्या जागा पहिल्या यादीतच संपतात.