मूलपेशींचा धंदा आणि रुग्णाच्या माथी मारलेला धोका

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



वैद्यक हा माझा विषय नव्हे. आयुष्यभर मी अर्थशास्त्र शिकविले. परंतु मूलपेशींचा उपचार निर्धोक आहे काय, या प्रश्नाच्या पोटात आमच्या शास्त्राचा एक जुना प्रश्न दडलेला आहे. धोका कोणी पत्करावयाचा आणि पैसा कोणी मोजावयाचा?

मूलपेशी म्हणजे थोतांड, असे मुळीच नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली सुरू झालेले अस्थिमज्जारोपण हा मूलपेशींचाच उपचार आहे. त्यातही जीव जाऊ शकतो. मात्र तो धोका मोजलेला व नोंदलेला असतो. वाद आहे तो पुढच्या पसाऱ्याचा. गुडघेदुखी, मधुमेह, स्वमग्नता, पक्षाघात, सगळ्यांवर एकच सुई!

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात २०१५ साली दृष्टिपटलाच्या विकाराने पीडित तीन वृद्ध स्त्रिया एका खाजगी चिकित्सालयात गेल्या. पोटाची चरबी काढून तीतल्या पेशी त्यांच्याच डोळ्यांत टोचण्यात आल्या, त्याही दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी. कोणताही जबाबदार संशोधक आधी एका डोळ्यावर प्रयोग करून थांबला असता. रक्तस्राव झाला, दृष्टिपटले सुटली, होती ती नजरही जवळजवळ गेली. हा वृत्तान्त २०१७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. ‘रुग्णाच्याच पेशी, मग अपाय कसला?’ हा विक्रेत्यांचा आवडता युक्तिवाद तेथे कोसळला. पेशी स्वतःची असली तरी परक्या जागी ती कशी वागेल, हे आधी तपासावेच लागते.

या अनर्थासाठी प्रत्येकीने ५००० डॉलर भरले होते. माझ्या मते सारी मेख येथे आहे. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचणीत इजा झालेल्या व्यक्तीला मोफत उपचार व भरपाई द्यावी लागते. म्हणजे धोक्याची किंमत प्रयोग करणाऱ्याच्या खिशातून जाते, आणि म्हणूनच तो जपून पावले टाकतो. चिकित्सालयात हा हिशेब उलटा होतो. प्रयोग रुग्णावर, खर्च रुग्णाचा, इजाही रुग्णाची. फसलेले प्रयोग नोंदण्यात मालकाचा काडीचाही लाभ नसल्याने त्यातून शास्त्राच्याही पदरात काही पडत नाही. केनेथ ॲरो यांनी १९६३ सालीच दाखवून दिले होते की, आरोग्यसेवेचा ग्राहक माल पारखू शकत नाही. हताश आईबाप तर नाहीच नाही.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम काही विकारांवरील मान्य रोपण सोडून मूलपेशींचा रुग्णांवरील प्रत्येक वापर मंजूर चाचणीतच व्हावा. २०१३ साली तर परिषदेने या तत्त्वांच्या मथळ्यातून ‘उपचार’ हा शब्दच काढून टाकला. जाहिरातदारांनी तो अजून सोडलेला नाही.

तेव्हा आपल्या भागात कोणी मुलाच्या उपचारासाठी जमीन विकावयास निघाला, तर त्याला अडाणी ठरवू नका. त्याच्यासोबत जा आणि डॉक्टरांना विचारा: ही चाचणी असेल तर पैसे कसले घेता? नीतिसमितीची मंजुरी कोठे आहे? इजा झाल्यास भरपाई कोण देणार? ‘आमची सरकारी यादीत नोंद आहे’ एवढ्या उत्तरावर परत फिरू नका. नोंद म्हणजे मंजुरी नव्हे. फ्लोरिडातील त्या स्त्रियांपैकी निदान एकीचा विश्वास अशाच एका नोंदीने बसला होता.