झापडं काढून काम करूया

(चिखले येथे ग्रामसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्या गटांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या सभेत कर्जमागणी, परतफेड आणि बँकेचं काम हे विषय आहेतच. त्याआधी मला थोडा वेळ दिलाय. मी अशा गोष्टीवर बोलणार आहे, जिच्यासाठी आपल्या एकाही वहीत रकाना नाही. ती म्हणजे कंटाळा. आणि त्या कंटाळ्यामागची भीती. आयुष्यभर हेच करत राहायचं का?

गटांच्या बैठकांना फिरताना हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकते. चिकूच्या वाडीत जाणारी ताई म्हणते, "सकाळी फळं निवडायला बसायचं, अंधार पडायच्या आत उठायचं. चिकूला बारा महिने फळ, म्हणजे मलाही बारा महिने तेच." उंबरगावच्या बाजूला कंपनीत जाणारी मुलगी म्हणते, "ताई, सकाळची गाडी, दिवसभर एकच मशीन, परत गाडी. मी एकोणीस वर्षांची आहे. चाळीसाव्या वर्षीपण इथेच उभी असेन का?" आणि गटाचा हिशोब लिहिणारी सचिव म्हणते, "सात वर्षं मीच लिहितेय. बस झालं. दुसरी कोणी बघा."

हे शेवटचं वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. कारण बऱ्याच गटांत दुसरी कोणी नसतेच. ती ताई उठली की रोखकीर्द थांबते, कर्ज खातेवही थांबते. वह्या पूर्ण नसतील तर बँक पुढचं कर्ज देत नाही. मग कोणाचं बियाणं अडतं, कोणाच्या मुलीची फी अडते. म्हणजे एका बाईच्या मनातला कंटाळा दहा घरांचा प्रश्न होतो. म्हणून तो घरगुती रडगाणं समजून सोडून देता येत नाही. सभेत बोलायला हवा.

मीही काही वेगळी नाही. समाजकार्याची पदवी घेऊन या कामात आले. दर महिन्याला तोच अहवाल, तेच रकाने, तीच बेरीज. त्यामुळे मी तुम्हाला वरून काही शिकवत नाहीये. तुमच्याच सतरंजीवर बसून बोलतेय असं समजा.

पहिली गोष्ट, कंटाळा म्हणजे आळस नाही. आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं की पोटापुढे कंटाळा कसला. त्यामुळे कंटाळा आला की बाईला स्वतःचीच लाज वाटते. पण हे फक्त आपल्या पाड्यात होत नाही. अमेरिकेत हेन्री फोर्ड यांच्या मोटारीच्या कारखान्यात १९१३ मध्ये सरकती पट्टी आली. गाडी पट्टीवरून पुढे सरकायची आणि माणूस जागेवर उभा राहून दिवसभर एकच काम करायचा. गाड्या भराभर बनू लागल्या, पण कामगार टिकेनात. रोज नवीन माणसं भरायची आणि रोज जुनी निघून जायची. शेवटी जानेवारी १९१४ मध्ये मालकाला दिवसाची मजुरी जवळजवळ दुप्पट, म्हणजे पाच डॉलर करावी लागली आणि कामाचे तास आठवर आणावे लागले. ती धट्टीकट्टी माणसं काही आळशी नव्हती. काम असं रचलेलं होतं की त्यात माणसाचं डोकं लागतच नव्हतं, आणि त्याचा त्रास त्यांना होत होता.

दुसरी गोष्ट, रोज तेच करणं आणि अडकून पडणं यात फरक आहे. आपल्या गटाची पंचसूत्री आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. पाचही सूत्रांत नियमित हाच शब्द आहे. दर आठवड्याला तेच पैसे, तीच सही, तीच हजेरी. ऐकायला किती कंटाळवाणं! पण याच नेमामुळे आज रात्री-अपरात्री कोणाचं पोर आजारी पडलं तर सावकाराच्या दारात जावं लागत नाही. नेमाने आपल्याला बळ दिलंय. मग अडकवतं काय?

आपल्याकडे म्हणतात, घाण्याचा बैल. दिवसभर चालतो आणि तिथेच असतो. पण त्याच्याकडे नीट बघा. त्याच्या डोळ्यांना झापडं असतात. आपण कुठे चाललोय ते त्याला दिसत नाही, तेल किती निघालं ते कळत नाही, ते कोणाच्या घरी गेलं ते तर नाहीच. थांबायचं कधी हेही तो ठरवत नाही. माझ्या मते माणूस अडकतो तो इथे. काम रोज तेच असलं तरी चालेल. पण त्यात आपल्याला काही दिसत नसेल आणि आपलं काहीच चालत नसेल, तर तो घाणा आहे.

याची दोन उदाहरणं आपल्याच भागात आहेत. एक झरीचं. आजच्या तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले. गोदूताई आणि शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. त्या काळी जमीनदाराच्या शेतावर फुकट राबावं लागायचं. त्याला वेठ म्हणायचे. पिढ्यानपिढ्या तेच. एकट्याने नाही म्हटलं तर मार बसायचा. त्या दिवशी सगळ्यांनी मिळून ठरवलं की वेठ करायची नाही. जे एकट्याला जमत नव्हतं, ते सगळ्यांनी एकत्र उभं राहिल्यावर सुरू झालं. आपल्यातल्या काही आज्यांनी घरच्या मोठ्यांकडून हे ऐकलं असेल. मुलींनो, त्यांना विचारा.

दुसरं उदाहरण कोसबादचं. आपल्या चिखल्याहून कोसबादची टेकडी काही लांब नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबादला नेलं. अनुताई १९९२ मध्ये गेल्या, तोवर त्याच कामात होत्या. सत्तेचाळीस वर्षं! आणि काम काय? सकाळी पाड्यावरून मुलं गोळा करायची, त्यांना आंघोळ घालायची, नखं कापायची, केस विंचरायचे, खाऊ द्यायचा, गाणी, गोष्टी, खेळ. दुसऱ्या दिवशी परत तेच.

पण त्यांचं लक्ष बघा कुठे होतं. मुलं बालवाडीत येत नाहीत, का येत नाहीत? मग बालवाडीच पाड्यावर नेली, घरांच्या अंगणात भरवली. ती अंगणवाडी. आज आपल्याला अंगणवाडी म्हणजे सरकारी वाटते, कारण सरकारची योजना १९७५ मध्ये सुरू झाली. पण अंगणात भरलेली मुलं आपल्या भागाने त्याच्या कितीतरी आधी बघितली होती. थोडी मोठी मुलं गुरांमागे जातात, शाळेत कशी येणार? मग शिक्षकच कुरणात गेले आणि कुरणशाळा झाली. शिकवायचं विकतचं साहित्य महाग, मग शिंपले, बिया, खडे, पानं घेतली. काम तेच होतं, पण का होत नाही हा प्रश्न रोज नवा होता. आणि उत्तर सापडलं की ते करून बघायची मुभा त्यांच्याच हातात होती.

तुम्ही म्हणाल, ताई, त्या मोठ्या बाया. आम्हाला चिकूच्या वाडीत कोण विचारतो? बरोबर आहे. म्हणूनच मी तीन साधे प्रश्न आणलेत. आज घरी जाताना स्वतःला विचारा.

एक. माझं काम माझ्या हातातून पुढे कुठे जातं, मला माहीत आहे का? आपल्या घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे हे नाव फक्त या भागातल्या फळालाच लावता येतं. रोज शेकडो फळं निवडणाऱ्या किती जणींना हे माहीत आहे? ते फळ पुढे कुठल्या बाजारात जातं, काय भावाने विकलं जातं? विचारायला पैसे पडत नाहीत.

दोन. गेल्या वर्षभरात या कामात मी नवीन काय शिकले? आणि मला येतं ते मी कोणाला शिकवलं? फळाला नखाने हलकंसं खरवडायचं. आत हिरवं दिसलं तर कच्चं, पिवळट दिसलं तर तयार. ही पारख तुमच्या बोटांत आहे. ती विद्याच आहे. पण ती कोणी विचारत नाही आणि आपणही सांगत नाही, म्हणून ती नुसती मजुरी वाटते.

तीन. या कामातला एक तरी निर्णय माझा आहे का? कधी बसायचं, कोणासोबत बसायचं, कसं करायचं, यातलं एक तरी?

तिन्ही उत्तरं नाही आली, तर दोष तुमचा नाही. पण काहीतरी हलवायला हवं. कुठे हलवता येईल? जिथे आपलं चालतं तिथून सुरुवात करू. म्हणजे आपल्या गटातून. बाहेरच्या मालकाला आपण म्हणतो की आमचं ऐका. मग आपल्या गटात आपण काय करतो? जिला लिहिता येतं तिला सात-सात वर्षं वहीला जुंपतो. बाकीच्या नुसता अंगठा किंवा सही करून उठतो. एकीला घाण्याला बांधलं आणि बाकीच्यांच्या डोळ्यांवर झापडं बांधली. दोन्ही आपणच केलं.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. ठराव करायचा की नाही, ते तुम्ही ठरवा.

पहिली, पुढच्या बैठकीपासून सचिवताईच्या शेजारी एक शिकणारी बसेल. पहिला महिना फक्त बघेल. दुसऱ्या महिन्यात हजेरी आणि बचत लिहील. तिसऱ्या महिन्यात रोखकीर्द लिहील आणि जुनी सचिव तपासेल. बेरीज चुकली तर चुकू दे, खोडून परत लिहिता येते. कोणी म्हणेल, मी चौथीच शिकले. अहो, बाजारात सुट्ट्या पैशांचा हिशोब चौथीवालीच सगळ्यात चोख करते!

दुसरी, जे गट सुकवलेल्या चिकूचं किंवा पापड-मसाल्याचं काम करतात, तिथे जागा बदला. धुणं, सोलणं, चकत्या करणं, वाळवणं, वजन करून पाकीट भरणं, विक्री आणि हिशोब. आज जी सोलते ती सोलतच राहते आणि जी विकायला जाते तिचीच बाहेर ओळख होते. एकदम सगळ्या बदलू नका, माल बिघडेल. पंधरा दिवसांनी एकच जोडी बदला. ज्या दोघींनी जागा बदलल्या, त्यांनी एकमेकींना हात धरून शिकवायचं. यात आणखी एक फायदा आहे. कोणी आजारी पडली किंवा लग्नाला गेली, तरी काम अडत नाही.

तिसरी, प्रत्येक बैठकीत दहा मिनिटं एका बहिणीला द्या. तिने आपल्या कामाबद्दल बोलायचं. बोंबील वाळत घालणारी, वीटभट्टीवर जाऊन आलेली, कंपनीतली, अंगणवाडीतली. काय येतं, काय खुपतं, मजुरी किती मिळते. दोन-तीन जणींना एकच गोष्ट खुपते हे कळलं, की ती एकटीची राहत नाही. झरीला हेच झालं होतं.

आता त्या कंपनीतल्या मुलीला काय सांगायचं? मी तिला कंपनी सोड असं सांगणार नाही आणि गोड मानून घे असंही सांगणार नाही. तिचा पगार घरात लागतो, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं. १६ एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल येते. बोईसर, पालघर, विरारला रोज जाऊन-येऊन काम करता येतं. वाटा वाढल्यात. पण वाट बदलायला मधले दोन-तीन महिने हातात पैसा लागतो. तो नसेल तर माणूस नको असलेल्या कामात राहतो, त्याला इलाज नसतो. म्हणून मुलींनो, गटातली तुमची बचत फक्त आजारपणासाठी आणि लग्नासाठी आहे असं समजू नका. नको ते काम सोडून हवं ते शिकायला जाता यावं, यासाठीही ती आहे. आणि मावश्यांनो, उद्या एखादी मुलगी शिलाई, संगणक किंवा नर्सिंगच्या कोर्ससाठी अंतर्गत कर्ज मागायला आली, तर "हे काय कर्जाचं कारण झालं?" असं म्हणू नका. म्हैस घ्यायला देतो तसंच तिलाही द्या, आणि परतफेडही तशीच चोख घ्या.

आणि ज्या सचिवताई आता लिहिणार नाही म्हणताहेत, त्यांना एक विनंती. वही लगेच ठेवू नका. तीन महिने द्या, एक शिकाऊ तयार करा आणि मग मोकळ्या व्हा. हवं तर बँक सखी व्हा, प्रशिक्षक व्हा किंवा चार दिवस घरी निवांत बसा. तुम्ही सात वर्षं केलंय, तेवढा हक्क तुमचा आहे.

पुढच्या सभेत मी प्रत्येक गटाला एकच गोष्ट विचारणार आहे. सचिवताईच्या शेजारी कोण बसली? नाव तयार ठेवा.