घरगुती रस आणि काढे : किती खरं, किती ऐकीव

(वर्षावासातील एका रविवारी विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. मी वक्ता नाही. ठाणे आणि कल्याणच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं रक्त-लघवी तपासण्यात गेली. पण गेल्या महिन्यात वंदना झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "भाऊ, गुळवेलीचा काढा रोज घेतला तर चालेल ना? आमच्या ह्यांना शुगर आहे." मी चप्पल घालता घालता काहीतरी उत्तर दिलं आणि घरी जाऊन अस्वस्थ झालो. म्हणून आज नीट बोलतो.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, डोंबिवलीला राहायचे. मधुमेहाची गोळी चालू होती. कुणीतरी सांगितलं, कारल्याचा रस, त्यात जांभळाच्या बियांची पूड, रोज उपाशीपोटी. अण्णांनी रस सुरू केला आणि गोळी बंद केली. दीड महिन्याने माझ्याकडे आले, "बघ माझी शुगर!" उपाशीपोटीची साखर आली १२८. अण्णांचा चेहरा असा फुलला होता की काय सांगू. आदल्या रात्री ते फक्त पालेभाजी खाऊन झोपले होते, हे वहिनींनी मला हळूच सांगितलं होतं. एका सकाळची साखर ही त्या सकाळपुरती असते. मागच्या तीन महिन्यांचा हिशेब एचबीएवनसी या तपासणीत कळतो. त्यासाठी मला फक्त आणखी एक छोटी बाटली रक्त घ्यायचं होतं. मी घेतलं नाही. थोरल्या भावाला खोटं कसं पाडायचं? "बरं आहे" म्हणालो.

चार महिन्यांनी चपलेच्या पट्ट्याने पाय घासला, जखम चिघळली. तेव्हा एचबीएवनसी निघाली ११.४. दोन बोटं काढावी लागली.

कारल्यात काहीच नाही, असं मी म्हणत नाही. त्याच्यावर प्रयोग झालेत. काहींत साखर थोडी उतरलेली दिसते, काहींत दिसत नाही. पण किती कारली, कोणत्या जातीची, किती दिवस, याचं माप कुणालाच बसवता आलेलं नाही. आणि गंमत बघा, अण्णांनी सोडलेली ती मेटफॉर्मिनची गोळी, तिचं मूळही एका वनस्पतीतच आहे. युरोपातल्या एका झुडपाची मधुमेहाच्या लक्षणांवर जुनी ख्याती होती. त्यातल्या द्रव्याचा माग काढत, विषारी निघालं ते टाकत, मोजत मोजत माणसं त्या गोळीपर्यंत पोहोचली. म्हणजे झाडपाल्याशी भांडण नाही. न मोजता पिण्याशी आहे.

आता दुधी. आपल्याकडे बागेत फिरायला जाणारे बरेच जण दुधीचा रस घेतात. हृदयाला चांगला, कोलेस्टेरॉल उतरतं, असं ऐकलेलं असतं. आमची आजी भाजीला दुधी चिरताना आधी एक चकती जिभेला लावायची. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्यायची. शिजवूनही तो कडूपणा जात नाही म्हणायची. आजी शाळेत गेली नव्हती, पण तिचं बरोबर होतं. दुधी, काकडीच्या कुळात कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. एखाद्या फळात ती फार वाढली की पोटात भयंकर कळा, उलट्या, कधी रक्ताच्या उलट्या, जुलाब होतात, रक्तदाब कोसळतो. त्यावर उतारा म्हणून वेगळं औषध नाही. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा दुधी-कारल्याचा एकत्र रस प्यायल्यावर मृत्यू झाला. शास्त्रज्ञ माणूस, हे लक्षात घ्या! त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने समिती नेमली. तिने सांगितलं, आधी तुकडा चाखा, कडू असेल तर रस काढू नका, दुसऱ्या रसात मिसळू नका. तरीही २०१८ साली पुण्यात एक बाई सकाळी धावून आल्या, ग्लासभर दुधीचा रस प्यायल्या आणि काही दिवसांत गेल्या.

मला वाटतं, घोटाळा असा होतो. भाजी कडू लागली तर आपण थुंकतो. रस कडू लागला तर म्हणतो, कडू आहे म्हणजे औषधी आहे. आणि कारलं घातलेलं असलं तर कोणता कडूपणा कुणाचा हे कळणार कसं?

गुळवेलीवर येतो, कारण ताई आजही समोर बसल्यात. २०२० साली कोरोनात घरोघरी काढे उकळले, माझ्याही घरी. त्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत यकृताला सूज आलेले सहा रुग्ण डॉक्टरांना आढळले. सगळे गुळवेल घेत होते. २०२१ साली ते छापून आलं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, की वनस्पती नेमकी गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते. २०२२ साली देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून अशा ४३ रुग्णांची माहिती दिली. बऱ्याच जणांत शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच यकृतावर उलटल्याची लक्षणं होती. लाखोंनी काढा प्यायला, त्यात हे थोडे, हेही खरं. पण मंत्रालयाची हरकत मान्य केली, तर सोसायटीच्या कुंपणावरची वेल आपण तोडून आणतो ती कुणी ओळखून दिलेली असते? ताई, साहेबांची गोळी चालू असताना हा काढा डॉक्टरांना न सांगता सुरू करू नका. सुरू केला असेल तर लिव्हरची तपासणी करून घ्या. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी थांबवा आणि दवाखाना गाठा.

ज्येष्ठमध खोकल्याला सगळे घालतात. तेही महिनोन् महिने घेतलं तर रक्तदाब वाढतो, पोटॅशियम उतरतं. बीपीवाल्यांनी जपावं.

तुम्ही म्हणाल, हा माणूस आजीबाईचा बटवा फेकायला निघाला. तसं नाही. विनयपिटकाच्या महावग्गात औषधांवर स्वतंत्र प्रकरण आहे. तूप, लोणी, तेल, मध, गूळ ही आजारी भिक्खूंना दिलेली. आणि जवळ ठेवायची मुदत सात दिवस. औषध म्हटलं की हद्द आली.

आणि घरात बनणारं एक पेय असं आहे, की त्यापुढे मी हात जोडतो. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत कॉलरा पसरला. सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, खायचा सोडा पाण्यात कालवून पिंपात भरलं आणि नातेवाइकांनाच पाजायला लावलं. शंभरात तीसच्या आसपास माणसं दगावत होती, ती चारच्या आत आली. साखरेबरोबर मीठ आतड्यातून आत जातं आणि त्यामागोमाग पाणी, एवढंच त्यामागचं शास्त्र. पण माप पाहिजे. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर लहान मुलाला धोका. चोवीस तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. पाकीट मिळत असेल तर पाकीटच वापरा. पावसाळ्यात आपल्याकडे नळाला गढूळ पाणी आलं की जुलाबाची साथ ठरलेली. महिला मंडळाने हे माप फळ्यावर लिहून ठेवावं, अशी माझी विनंती आहे.

अण्णा त्यानंतर नऊ वर्षं जगले. गोळी घेत होते आणि कारल्याची भाजीही आवडीने खात होते.

पुढचे चार रविवार वंदनेनंतर मी मागच्या खोलीत बसणार आहे. आपण घरी जे काही पिता ते कशापासून केलं, किती, हे कागदावर लिहून आणा. बरोबर चालू गोळ्या आणि जुने रिपोर्ट आणा. मी डॉक्टर नाही, पण रिपोर्ट वाचता येतो. या वेळी गप्प बसणार नाही.

जय भीम. नमो बुद्धाय.