मुके दुखणे

खाटकाच्या दुकानात मिळणारी कलेजी बहुतेकांच्या ओळखीची असते. आपल्या पोटात उजव्या बरगड्यांखाली तोच अवयव आहे. वैद्यकात त्याला यकृत म्हणतात. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. दात किडला की ठणकतो, पाय मुरगळला की सुजतो. यकृत मात्र आतून झिजत असले तरी सहसा दुखत नाही. माणूस शेतावर जातो, बाजार करतो, लग्नात वाढायला उभा राहतो, आणि आपण धडधाकट आहोत असेच समजतो.

“मी दारूला शिवत नाही, मग मला यकृताचा रोग कसा?” हा प्रश्न नेहमी ऐकू येतो. दारूने यकृत बिघडते, कावीळ ब आणि क यांच्या विषाणूंनी बिघडते, हे खरेच. पण मधुमेह, वाढलेले पोट आणि रक्तातली चरबी यांच्यामुळेही यकृतात चरबी साठते. आणि त्यासाठी माणूस लठ्ठच असावा लागतो असे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता आणि बालकांचा अभ्यास केला. तिथली बाळे जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडातली सुमारे साडेतीन किलोंची. आपली बाळे हडकुळी. पण स्नायू कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. बारीक अंगाच्या माणसालाही मधुमेह का गाठतो, याचे एक उत्तर इथे मिळते.

साठलेल्या चरबीने काही जणांच्या यकृताला सूज येते, मग वण पडतात, आणि वर्षानुवर्षांनी ते निबर, गाठाळ होते. याला सिरॉसिस म्हणतात. जलोदर झाला, डोळे पिवळे झाले, की घरच्यांच्या ध्यानात येते. मला आज बोलायचे आहे ते त्याआधीच्या, ध्यानात न येणाऱ्या गोष्टींविषयी.

एक गृहस्थ माझ्याकडे आले होते, किराणा दुकानदार. आले म्हणजे सुनेने आणले. तिने सोबत उधारीची वही आणली होती. म्हणाली, “डॉक्टर, मामंजींचं अक्षर बघा. दिवाळीआधीचं हे, अन् हे परवाचं.” पहिले मोत्यासारखे, दुसरे ओळ सोडून उतरलेले, बेरजाही चुकलेल्या. “रात्रभर जागे असतात, दुपारी गल्ल्यावर डुलक्या घेतात. म्हातारपण म्हणावं तर साठीसुद्धा झाली नाही.” मी विचारले, “शौचाला साफ होतं का?” तर चार दिवस झाले नव्हते.

हे म्हातारपण नव्हते. आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत एरवी निर्धोक करून टाकते. यकृत थकले की तो रक्तातून मेंदूपर्यंत जातो. झोप उलटते, चिडचिड वाढते, हात थरथरतो, हिशेब चुकतो. बद्धकोष्ठ झाले की हे आणखी वाढते. लॅक्ट्युलोज नावाचे एक गोड पातळ औषध दिले आणि दिवसातून दोन-तीन वेळा शौचाला होईल असे पाहिले, तेव्हा काही दिवसांत अक्षर ओळीवर आले. सुनेने वही आणली नसती तर कुणीतरी त्यांना झोपेची गोळी दिली असती, आणि त्या गोळीने अशा माणसाची शुद्धही हरपू शकते. त्यातून हे गृहस्थ रोज मोटरसायकलवरून तालुक्याला माल आणायला जात!

दुसरी गोष्ट रक्ताच्या उलटीची. निबर यकृतातून रक्त सहज जात नाही, म्हणून ते अन्ननलिकेतल्या शिरांत तुंबते. त्या शिरा फुगतात आणि एखाद्या दिवशी फुटतात. तोवर काही जाणवत नाही. शौचाला डांबरासारखे काळे झाले तर वाट पाहू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. दुर्बिणीच्या तपासणीत या शिरा आधी दिसतात आणि फुटू नयेत म्हणून औषधही आहे. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या अशा रुग्णाने घेऊ नयेत. त्यांनी रक्तस्रावाचे भय वाढते, मूत्रपिंडही बिघडते.

आता उपवासाविषयी. घरोघरी हा विषय नाजूक असतो, पण बोलले पाहिजे. निरोगी यकृत रात्रीसाठी साखर साठवून ठेवते. सिरॉसिसमध्ये ती शिदोरी तोकडी पडते आणि शरीर स्वतःचे मांस मोडून खाऊ लागते. पोट पाण्याने फुगलेले असते, म्हणून दंड वाळलेले कुणाला दिसत नाहीत. अशा माणसाने एकादशी धरू नये. उलट निजण्यापूर्वी थोडे काही खावे. डाळ, दूध, अंडी बंद करण्याची जुनी समजूतही आता मागे पडली आहे.

शिक्षक मंडळींना एक विनंती. गावात ज्यांना मधुमेह आहे, त्यांना साखरेबरोबर यकृताचीही तपासणी करून घ्यायला सांगा. रक्ताची साधी तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी एवढ्याने सुरुवात होते. रक्ताचा अहवाल ठीक आला तरी यकृतात वण असू शकतात, म्हणून डॉक्टरांनी पुढची तपासणी सुचवली तर टाळू देऊ नका. चरबीच्या पायरीवर वजन दहा टक्क्यांनी उतरले तर यकृत बरेच सुधारते. सत्तर किलोंच्या माणसाने सात किलो. सिरॉसिस ठरला असेल, तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी लागते, कारण अशा यकृतात कर्करोगाची गाठ होऊ शकते, आणि ती लहान असताना सापडली तर उपाय करता येतो.