तक्त्याचा वेग आणि माणसाचा वेळ



ज्या व्यासपीठावरून विद्वानांनी तत्त्वज्ञान आणि साहित्य सांगावे, तेथे एका कामगार कार्यकर्त्याने संगणकावरच्या हिशेबाच्या तक्त्यावर बोलावे, हे कित्येकांना विचित्र वाटेल. पण अमळनेरला हा विषय परका नाही. १९४५ साली याच गावात वनस्पती तूप काढण्यासाठी 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी निघाली आणि तीच पुढे 'विप्रो' या नावाने संगणकाच्या धंद्यात जगभर गेली. आम्ही मात्र ही विद्या कोणत्याही शाळेत शिकलो नाही. तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांच्या शेजारी बसून जी शिकलो, तीच येथे मांडतो. चूकभूल पदरात घ्यावी.

ताप्तीकाठच्या रेल्वेने पोटासाठी सुरतेस गेलेली आपली मुले पुष्कळ आहेत. त्यांतला एक सणाला घरी आला असता आम्हांस भेटला. ऑनलाइन साड्या विकणाऱ्या एका पेढीत तो आलेल्या ऑर्डरी तक्त्यात भरतो. दिवसाचा ठरलेला आकडा पुरा झाला नाही तर पगार कापतात आणि वर 'आळशी' हा शेरा मारतात. आम्ही विचारले, "मग हात चालत नाही का रे?" तो म्हणाला, "नाना, हात चालस. शीट चालत नही." एक आकडा टाकावा आणि पडद्यावरचे चाक मिनिटभर फिरताना पाहत बसावे, असे दिवसातून कितीदा तरी होई.

हे असे का होते? १९७९ साली डॅन ब्रिकलिन व बॉब फ्रँकस्टन या दोघा अमेरिकनांनी 'व्हिसिकॅल्क' नावाचा तक्ता बाजारात आणला. एक आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे हिशेब आपोआप बदलावेत, ही त्यातली खुबी. आजच्या एक्सेलमध्येही तीच आहे. परंतु तक्ता फुगला म्हणजे ही खुबीच अंगाशी येते.

समजा, ऑर्डरींच्या ओळी २०,००० आहेत आणि मालाच्या यादीत १०,००० साड्या आहेत. प्रत्येक ऑर्डरीसमोर किंमत यावी म्हणून 'व्हीलुकअप' हे सूत्र लावलेले असते. यादी विस्कळीत असेल तर सूत्र पहिल्या ओळीपासून एकेक साडी तपासत जाते. सरासरीने निम्म्या यादीत साडी सापडते असे धरले, तरी एका ऑर्डरीला ५,००० तपासण्या पडतात. वीस हजार ऑर्डरींच्या झाल्या दहा कोटी! तीच यादी साडीच्या क्रमांकाप्रमाणे लावून घेतली आणि सूत्राला तसे कळवले, की ते मधोमध यादी उघडते, अर्धी सोडते, उरलेल्याची पुन्हा अर्धी सोडते. शब्दकोशात आपण शब्द शोधतो तसेच हे. मग एका ऑर्डरीला चौदा तपासण्या पुरतात आणि एकूण होतात २,८०,०००. मात्र येथे एक धोका आहे. शोधलेली साडी यादीत नसली तर हे सूत्र गुपचूप शेजारणीची किंमत देते. म्हणून सापडलेला क्रमांक मागितलेलाच आहे की नाही, हे ताडणारी जोड त्याला द्यावीच लागते. अलीकडच्या एक्सेलने ही शोधाशोध स्वतःच बरीच सुधारली आहे. पण जुन्या आवृत्तीवर राबणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग?

बाकीचे उपाय थोडक्यात सांगतो. किंमत, रंग, वजन, शिल्लक यांसाठी एकच साडी चारदा शोधू नये. 'मॅच'ने तिची ओळ एकदा शोधावी आणि बाकीचे 'इंडेक्स'ने उचलावे. 'टुडे', 'नाऊ', 'ऑफसेट', 'इंडिरेक्ट' ही सूत्रे कोठेही काही बदलले की पुन्हा जागी होतात आणि आपल्यावर विसंबलेल्यांनाही उठवतात. ती हजारो घरांत पेरू नयेत. आजची तारीख एका घरात लिहून सर्वांनी तेथून घ्यावी. एक्सेलच्या रकान्यात १०,४८,५७६ ओळी असतात. माल दहा हजार ओळींत संपत असता सूत्राला सबंध रकाना नेमून देऊ नये. मागल्या महिन्यांच्या पुऱ्या झालेल्या ऑर्डरींतली सूत्रे पुसून नुसते आकडे ठेवावेत व ते वेगळ्या फायलीत न्यावेत. आपोआप होणारा हिशेब बंद करून एफ-नऊ कळ दाबल्यावरच तो करवून घेता येतो. पण कळ दाबायची राहिली तर कालची शिल्लक आजची म्हणून दिसते आणि नसलेली साडी विकली जाते.

एवढे करूनही तक्त्याला मर्यादा आहेतच. २०२० साली इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने करोनाच्या तपासण्यांची माहिती एक्सेलच्या जुन्या धाटणीच्या फायलीत घेतली. तीत ६५,५३६ ओळींपलीकडे जागा नाही. सुमारे १६,००० रुग्णांची नोंद वेळेवर पुढे गेलीच नाही. धंदा वाढला की तक्ता सोडून रीतसर डेटाबेस उभारणे, हा मालकाचा खर्च आहे. तो वाचवण्यासाठी कारकुनाचे दिवस खर्ची घालणे हा न्याय नव्हे.

आम्ही दोघांनी कार्यालयातल्या संगणकावर तसाच नमुन्याचा तक्ता मांडून हे उपाय करून पाहिले. सुरतेस परतून त्याने ते कामावर केले आणि मिनिटाचे काम दोन-तीन क्षणांवर आले. आम्हांला धन्यता वाटली. महिन्याने त्याचा फोन आला: "नाना, शीट पळस. कोटा बी वाढना."

येथे आम्हांस मुंबईच्या गिरण्या आठवल्या. १९२८ साली तेथील कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. सुधारणेच्या नावाखाली विणकराने दोनांऐवजी तीन साचे सांभाळावेत, हे त्या झगड्याचे एक मोठे कारण होते. कामगाराचे वैर यंत्राशी नव्हते. यंत्राने वाचवलेला वेळ कोणाच्या पदरात पडतो, हा त्याचा सवाल होता. ज्या गावाने प्रताप मिलचा भोंगा ऐकला, त्याला हा सवाल फोडून सांगायला नको.

आम्ही त्याला एक वही घालायला सांगितली. तक्ता किती वेळा अडला, किती वेळ थांबावे लागले, हे तारखेनिशी लिहायचे. त्याच्याबरोबरच्या चौघांनीही वह्या घातल्या. पाचही जण त्या घेऊन मालकापुढे उभे राहिले तेव्हा, तक्ता अडलेला वेळ कामाचाच धरावा, हे कबूल झाले आणि त्यापायी होणारी पगारकपात थांबली. वाढलेला कोटा अजून उतरलेला नाही. त्याचे बोलणे चालू आहे.

या सभेत दुकानदार आहेत, संगणकावर बसणाऱ्या मुलामुलींचे आईबाप आहेत. दुकानदारांना आमची विनंती आहे, की माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी त्याच्या शेजारी घटकाभर बसून ते फिरते चाक स्वतः पाहा. आणि मुलांना सांगणे हे, की सूत्रे जरूर शिका, पण त्याबरोबर वहीही ठेवा. वेग तुम्ही आणाल. त्यातला तुमचा वाटा मागायला हाती हिशेब लागेल.