बटण दाबण्याआधी



कोणी नाणी जमवतं, कोणी पोस्टाची तिकिटं. मी संगणकाच्या जुन्या हार्ड डिस्क जमवतो. घरचे म्हणतात, ‘हा भंगार आणतो.’ त्यात खोटं काही नाही. बऱ्याचशा डिस्क मी भंगारवाल्याकडूनच वजनावर घेतल्या आहेत.

हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या वेगानं फिरतात. त्यांच्यापासून केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरावर तरंगणारं ‘हेड’ माहिती लिहितं आणि वाचतं. अशी पहिली डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ साली आणली. ‘रॅमॅक’ संगणकाची ही डिस्क चांगली कपाटाएवढी होती. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, आणि त्यांवर मावत अवघी ५० लाख अक्षरं! आजच्या मोबाईलवरच्या दोन-तीन छायाचित्रांत ती भरून जाईल. पुढे १९८० साली सीगेट कंपनीची एसटी-५०६ ही सव्वापाच इंची डिस्क आली. तिची क्षमता ५ मेगाबाइट. म्हणजे कपाटातला ऐवज २४ वर्षांत दोन हातांत मावू लागला.

अशी डिस्क मिळाली की पहिला मोह होतो तो वीज जोडून पाहण्याचा. या मोहापायी मी सुरुवातीला एक दुर्मिळ डिस्क गमावली. वर्षानुवर्षं पडून राहिल्यानं हेड तबकडीला चिकटलं होतं. मी बटण दाबलं, मोटरनं जोर केला, हेड निखळलं आणि लेप खरवडला गेला. तो कर्रकर्र आवाज अजून कानात आहे.

तेव्हापासून माझी रीत ठरलेली आहे. आधी डिस्कवरच्या चिठ्ठीतला मजकूर उतरवून घ्यायचा. कारखान्यात सापडलेल्या सदोष जागांची यादी त्या काळी तिथंच चिकटवलेली असे. मग मल्टीमीटरनं ५ आणि १२ व्होल्टच्या जोडण्या तपासायच्या. जुने टँटलमचे कपॅसिटर आतून शॉर्ट झालेले असू शकतात. वीजपुरवठाही वेगळा तपासायचा. झाकण मात्र उघडायचं नाही, कारण धुळीचा एक कणही हेडला घातक ठरतो. वीज दिल्यावर कान देऊन ऐकायचं. आणि सर्वांत महत्त्वाचं, डिस्क फिरली तर फक्त वाचायचं, लिहायचं काही नाही. ती पुन्हा फिरेलच याची खात्री नसते.

दोन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका छापखान्याचे मालक माझ्याकडे आले. त्यांच्या आईला पाठ असलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी १९९० च्या सुमारास संगणकावर टंकून ठेवल्या होत्या. आई गेली, वही हरवली, उरली ती डिस्क.

या पिढीतल्या डिस्कची एक अडचण असते. एका कंपनीच्या कंट्रोलर कार्डानं लिहिलेलं दुसऱ्या कंपनीचं कार्ड वाचेलच असं नाही. आता हेडकडून येणारे मूळ संकेतच टिपून घेणारी छोटी उपकरणं मिळतात. अर्थ नंतर सावकाश लावता येतो. मी तसंच केलं. बहुतेक भाग वाचला गेला, काही ट्रॅक मात्र कायमचे गेले होते.

पण पडद्यावर आली ती निरर्थक चिन्हं! मजकूर युनिकोडपूर्व काळातला होता. त्या वेळी पुण्याच्या सी-डॅकच्या ‘जिस्ट’ कार्डावर देवनागरी लिहिली जाई आणि तिच्या अक्षरांना ‘इस्की’ या भारतीय प्रमाणाचे संकेतांक असत. ते रूपांतर केल्यावर ओव्या दिसू लागल्या. काही ओव्या अर्ध्यावरच तुटल्या होत्या. मालकांनी त्यांतल्या दोन तिथंच आठवून पुऱ्या केल्या. बाकीच्या त्यांनाही आठवेनात.

कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथं संगणकाच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. तिथं रॅमॅकची जुनी डिस्क दुरुस्त करून पुन्हा चालवली आणि तिच्यावरची अनेक दशकांपूर्वीची माहिती वाचली गेली. संग्रहालयाच्या डिस्कला असे जाणकार भेटतात. आपल्या माळ्यावरच्या डिस्कचं काय?

म्हणून एवढंच सांगतो. घरात जुना संगणक असेल तर तो भंगारात देण्याआधी त्यात काय आहे ते आठवा. आणि बटण दाबण्याआधी एखाद्या जाणकाराला विचारा.